पंखवाल्या गाडीच्या छपऱ्या

आंधळगाव, ता. मोहाडी
सोमवार, १० जून १९८५

कुंताबाईंना, लहान जावेचा वाकून नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही पत्र बाजूला टाकलं असेल, तर माझं काही म्हणणं नाही. फोडलं असेल तर एवढं वाचा. अकरा वर्षांनी लिहायला बसले आहे, त्यामुळे कुठून सुरुवात करावी तेच सुचत नाही. म्हणून आधी घरचं सांगते.

घरी सगळे बरे आहेत. तुमचे दीर धानाचे पऱ्हे टाकायच्या तयारीत आहेत, सकाळीच बैल घेऊन बांधीत जातात. तुम्ही गेलात तेव्हा रांगणारी शेवंता यंदा सातवीत गेली. सासूबाईंना आता कमी दिसतं, पण आवाज तसाच खणखणीत आहे. तुमची शिलाई मशीन अजून चालते. मी तिच्यावर बायकांचे पोलके शिवते, बाजारासाठी पिशव्या शिवते.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात गावात एक अजब गाडी आली. जीपच्या मागं जोडलेली एक बंद पेटी. शाळेजवळच्या पटांगणात उभी केली, चारी कोपऱ्यांना टेकू दिले आणि डोमा नावाच्या ड्रायव्हरनं तिची दोन्ही टोकं कपाटाच्या खणासारखी बाहेर ओढली. प्रत्येक टोकावर एक रुंद पलंग आणि वर लोखंडी कमानींवर ताणलेलं कापड. पोरं तिला पंखवाली गाडी म्हणतात. एका पंखात डॉक्टरसाहेब झोपतात. दुसऱ्यात मंगलाबाई नावाच्या नर्सबाई पडदा लावून बायकांना तपासतात. अंगावर चट्टे आहेत का ते पाहतात. हे लोक गावोगाव कुष्ठरोगाचं बघत फिरतात.

त्या कापडाचं असं, की उन्हात आत तव्यासारखं तापतं. आणि मधे वादळासोबत सर आली तर शिवणीतून पाणी ठिबकून दोन्ही गाद्या भिजल्या. मंगलाबाई डोमाला म्हणाल्या, "याच्यावर दुसरं छप्पर पाहिजे, कापडाचंच. जाड कापड शिवणारं कोणी आहे का बघ." गावात शिंपी दोन, दोघंही नाही म्हणाले. काहून नाही म्हणाले ते तुम्हाला सांगायला नको. त्या गाडीचं कापड हाती घ्यायला लोक भितात. डोमा फिरत फिरत आमच्या दारी आला. सासूबाई बोलायच्या आत मी हो म्हणून बसले.

डोमानं जवाहरनगरकडून कुणाच्या तरी ओळखीनं एका जुन्या तंबूचं कापड आणलं. मी टेप घेऊन पंखाचं माप घेतलं. लांबी सात फूट, रुंदी सहा. मापाप्रमाणे कापलं, चारी बाजू दुमडल्या, कोपऱ्यांना पितळी कड्या ठोकून घेतल्या आणि चार बांबूंवर खाटेच्या निवारीसारखं सपाट ताणून दिलं. दिसायला काय सुंदर दिसत होतं! दोन दिवसांनी अर्धा तास पाऊस आला. पाणी जाणार कुठं? मधोमध साचत गेलं, गाभण म्हशीच्या पोटासारखं खाली लोंबलं, आणि एक कडी फाटकन सुटून सगळं पाणी डॉक्टरसाहेबांच्या गादीवर. ते आत पुस्तक वाचत होते. चिंब होऊन बाहेर आले आणि मला म्हणाले, "बाई, छपरी शिवली का नहाणी?" सगळं पटांगण हसलं. मीही हसले, पण घरी येऊन रडले. तुम्ही असत्या तर कापड कापायच्या आधीच हात धरला असता.

मंगलाबाई मात्र फाटलेलं कापड उलटं करून शिवण बघत राहिल्या. "ही दुहेरी दुमड कुणी शिकवली तुम्हाला?" म्हणाल्या. "अशी दुमड आमच्याकडं एकच बाई घालते."

मी म्हटलं, "आमच्या जाऊबाईंनी शिकवली. कुंताबाईंनी."

"कारध्याच्या कुंताबाई? आमच्या केंद्रात चपला शिवतात त्या?"

असा मला तुमचा पत्ता मिळाला. मंगलाबाई म्हणाल्या की तुम्ही पूर्ण बऱ्या होऊन कितीतरी वर्षं झाली. ज्यांच्या पायांना स्पर्श कळत नाही अशांसाठी मऊ तळाच्या चपला शिवता, आणि तुमच्या हातची चप्पल घातली की जखम होत नाही. आमच्या घरात अकरा वर्षांत तुमचं नाव कुणी काढलं नाही, आणि तिथं सगळे तुमचं नाव घेतात.

छपरी मी पुन्हा शिवणार आहे. कशी शिवू ते कळवाल का? नाही कळवलं तरी चालेल. माझे हात बरे आहेत. काळजी करण्यासारखं काही नाही.

आपली,
सौ. सुलोचना


आंधळगाव
शनिवार, २९ जून १९८५

कुंताबाईंना सुलोचनाचा नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तरी टपालवाला गल्लीतून गेला की हातातलं काम थांबतं.

आधी छपरीचं सांगते, कारण ती जमली. तीन दिवस नुसती गाडीसमोर बसून राहिले. मग डोक्यात आलं की सपाट ठेवायचीच नाही. तुमच्या दिरांनी बांबू तोडून दिले, दोन मोठे, चार लहान. गाडीच्या टपाला लोखंडी दांडी आहे, तिला मागची बाजू बांधली आणि मधे एक आडवा बांबू उंच धरला. त्याच्या दोन्ही अंगांना उतार. घराला असतो तसाच. आधी हे का सुचलं नाही कोण जाणे. पलंगावरच्या कमानीच्या कापडाला छपरी टेकू द्यायची नाही, मधे वीतभर जागा सोडायची, हेही कळलं. ओल्या कापडाला खालून काही टेकलं की तिथूनच पाणी झिरपतं. शिवाय त्या मोकळ्या जागेतून वारा खेळतो, तर दुपारी आत बसवतं.

कड्या तुटू नयेत म्हणून जुन्या चपलांच्या चामड्याच्या चकत्या कापून खाली लावल्या. आणि दोरी सरळ खुंटीला न बांधता मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. वाऱ्याचा झटका आला की ट्यूब ताणते, कापड फाटत नाही. ही अक्कल तुमच्या दिरांची. ते मोठ्या तोऱ्यात सांगत फिरतात.

चार पदरी कापड मशीन घेईना. तीन सुया मोडल्या. मग दोऱ्याला मेण लावून दाभणानं हातानंच शिवायला बसले, गाडीच्या सावलीत, मंगलाबाईंच्या पंखाखाली.

बाई, आता जे लिहायचं ते लिहिते.

शिवता शिवता मंगलाबाई एकदम म्हणाल्या, "सुलोचनाबाई, कापडाला रक्त कुठलं लागलं?" मी पाहिलं तर कापडावर लाल डाग. डाव्या हाताच्या करंगळीत दाभण आरपार गेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. मी तशीच टाके घालत होते. मंगलाबाईंनी दाभण काढलं, पट्टी बांधली. आरडाओरडा केला नाही. फक्त म्हणाल्या, "जरा आत येता का?"

आत पडदा ओढला. म्हणाल्या, "डोळे मिटा. मी कापसानं हात लावते. जिथं लागेल तिथं बोट ठेवा." मी डोळे मिटले. बाहेर शाळेची घंटा झाली, पोरं धावली, कुणीतरी डोमाला हाक मारली. मी वाट पाहत बसले. शेवटी म्हटलं, "लावा ना बाई, कवाची बसली आहे मी." मंगलाबाई म्हणाल्या, "चारदा लावून झालं."

तेव्हा मी बाही वर केली. कोपराच्या वर एक चट्टा आहे, रुपयाएवढा होता, आता तळहाताएवढा झाला. दीड वर्षापासून मला माहीत आहे. दीड वर्ष मी पोलक्याच्या बाह्या कोपराखालपर्यंत शिवते आहे. गावातल्या बायकांना वाटलं नवी फॅशन, त्यांनीही तशाच शिवून घेतल्या. मागच्या पत्रात हात बरे आहेत लिहिलं ते खोटं होतं. त्या दिवशीही करंगळी सुन्नच होती.

आणि डोमाला मी पटकन हो का म्हटलं, तेही सांगते. मला त्या गाडीजवळ जायचं होतं. तपासायला जायची हिंमत नव्हती, म्हणून शिवायला गेले.

डॉक्टरसाहेबांनी पाहिलं. म्हणाले, वेळेत सापडलं. महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर लाल गोळी घ्यायची, रोज एक पांढरी. सहा महिने. बोटं वाकणार नाहीत, गोळी सुरू झाली की कुणाला लागणारही नाही. लाल गोळी घेतली त्या दिवशी लघवी लाल झाली आणि मी जागच्या जागी घामाघूम झाले. मंगलाबाईंनी आधी सांगितलं होतं म्हणून बरं.

घरी अजून कुणाला बोलले नाही. गोळ्या तांदळाच्या कणगीमागं ठेवल्या आहेत. सगळ्यात आधी तुम्हाला सांगते आहे, त्याचं कारण असं.

१९७४ सालच्या उन्हाळ्यात मी तुमची पाठ घासून देत होते, तेव्हा खांद्याखाली चट्टा दिसला. तुम्ही म्हणालात, "घामोळं असेल वं." मी पाठ घासत राहिले. संध्याकाळी चुलीपाशी सासूबाईंना सांगितलं. बाई, मीच सांगितलं. घरात बाकीच्यांना वाटलं शेजारणीनं पाहिलं, मी तसं वाटू दिलं. मोठे भाऊजी वारल्यावर चार वर्षं तुम्ही त्या घरात सगळ्यांचं केलंत, मला हाताला धरून मशीन शिकवलीत. आणि आठ दिवसांत तुमचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. मशीन तुमच्या माहेरची, तीसुद्धा सासूबाईंनी नेऊ दिली नाही. मी दाराआड उभी होते. शेवंता कडेवर होती. बाहेर आले नाही.

भीती वाटली होती, हे खरं आहे. पण तुम्ही गेल्यावर मशीन माझी झाली याचं मला बरंही वाटलं होतं. हे मी कुणाला कधी बोलले नाही. आज लिहिलं.

माफी मागायला तोंड नाही, तरी मागते.

सुलोचना


आंधळगाव
बुधवार, २४ जुलै १९८५

प्रिय बाई,

तुमचं पत्र मंगलाबाईंनी हातात आणून दिलं. मी ते गाडीमागं जाऊन वाचलं. मग परत वाचलं. आता तोंडपाठ झालं आहे, तरी तुमचे शब्द तुम्हालाच लिहून दाखवते, म्हणजे मी नीट वाचले हे तुम्हाला कळेल.

तुम्ही लिहिलं, "तू सांगितलं हे मले तेव्हाच माहीत होतं. माही पाठ तुझ्याशिवाय कोण घासत होतं? सांगितलं त्याचा राग नाही. त्यामुळं मी दवाखान्यात लवकर गेली. राग याचा आहे का गाडी निघाली तेव्हा तू बाहेर आली नाहीस. मी वळून वळून पाहत होती. मोहाडी येईपर्यंत पाहत होती."

ते खरं आहे.

आणि त्याच पत्रात खाली तुम्ही लिहिलं, की चुलीवरून गरम गंज उघड्या हातानं उतरवू नको, फडक्यानं धर. रोज हात पाण्यात भिजवून तेल लाव. बोटांना काय झालं ते डोळ्यांनी बघत जा, कारण आता बोट सांगणार नाही. मशीनला तेल घाल. राग आहे म्हणणारी बाई असं लिहिते का हो? मी तसंच करते आहे. रोज दिवा लावायच्या आधी दोन्ही हात उजेडात धरून पाहते.

आता घरचं ऐका. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी ठरवलं की कणगीमागची चोरी पुरे. दुपारी तुमचे दीर बांधीतून आले. त्यांच्यासमोर गोळ्या ठेवल्या आणि सगळं सांगितलं. चट्टा दाखवला. त्यांनी बोटानं चट्ट्याचा काठ चाचपला. मग म्हणाले, "म्हणून तू दीड साल झालं बाह्या लांब घालून राहिली?"

"होय."

"मले वाटलं तुले माह्या हाताचा कंटाळा आला." आणि उठून हात धुवायला गेले. मला हसावं का रडावं कळेना. माणूस दीड वर्ष काय मनात घेऊन बसला होता!

सासूबाई ओसरीवरून ऐकत होत्या. संध्याकाळी जेवायला बसताना पाहिलं, तर माझं ताट वेगळं काढलेलं. माळ्यावरचं जुनं जर्मनचं ताट, काठ चेमटलेलं. एका बाजूला, दाराशी. बाई, ते ताट तुम्ही ओळखाल. मी त्याच्यापाशी जाऊन बसले. तेवढ्यात तुमचे दीर आले, उभे राहून पाहिलं. वाकून ते ताट उचललं आणि स्वतःच्या पाटासमोर ठेवलं.

"मले याच्यातच वाढ," म्हणाले.

सासूबाई त्यांना म्हणाल्या, "काय रे इश्वर, येडा झाला का?"

"मोठ्या वहिनीच्या वेळेस मी चूप बसलो, माय. चोवीस वर्षांचा घोडा होतो आन् चूप बसलो. आता नाही बसत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काहून पाहून राहिली? वाढ ना."

मी वाढलं. शेवंतानं तिचं ताट सरकवून माझ्याजवळ आणलं. सासूबाई जेवल्या नाहीत त्या दिवशी.

सासूबाईंचं खोटं चांगलं सांगणार नाही. अजून त्या माझ्या हातचं पाणी घेत नाहीत, स्वतः मडक्यातून काढून पितात, दिसत नाही म्हणून निम्मं सांडतात. मी पुसते. मंगलाबाई घरी येऊन त्यांच्याशी तासभर बोलल्या. सगळ्यांना तपासलं. तुमचे दीर, शेवंता, कुणाला काही नाही. सासूबाई मात्र तपासू देईनात. आज सकाळी अचानक म्हणाल्या, "ते नर्सबाई आता कवा येईन?" एवढंच. पुढं काय होईल माहीत नाही. पण विचारलं तर खरं.

आणि छपऱ्यांची गंमत सांगायची राहिली. दुसरी छपरी झाल्यावर उरलेल्या कापडाच्या मी दोन झालरी केल्या, बाजूंना जमिनीपर्यंत सोडायच्या. कारण मंगलाबाई म्हणत होत्या की बायका येतच नाहीत. येतील कशा? पटांगणात सगळ्या गावादेखत रांगेत उभं राहायचं, म्हणजे चट्टा असो नसो, बोभाटा व्हायचा. झालरी सोडल्यावर पंखाच्या टोकाशी एक खोलीच झाली. मी तिथंच शिवायला बसायची. बायका पोलक्याचं माप द्यायला म्हणून यायच्या, आत बसायच्या, आणि मग हळूच मंगलाबाईंकडे सरकायच्या. एकेका दिवशी वीस वीस. सहा जणींचं निघालं, सहाही जणींच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यातल्या एकीनं मला विचारलं, "तुमाले भेव नाही लागत इथं बसाले?" मी माझ्या गोळ्यांची पुडी काढून तिच्यासमोर ठेवली. ती तिथंच खाली बसून मोकळी रडली. मीही तिच्यासोबत बसले.

काल गाडी पुढच्या गावाला गेली, लाल गोळ्या द्यायला महिन्यातून एकदा परत येणार आहे. डोमानं पंख आत ढकलले, मी छपऱ्यांची घडी घालून दिली. कशी बांधायची ते त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, संस्थेकडे अशा आणखी दोन गाड्या आहेत, त्यांच्याही चार पंखांना छपऱ्या लागतील. कोण शिवेल विचारत होते. मी म्हटलं, एकटीचं काम नाही. कारध्याला माझ्याहून चांगला हात आहे, त्यांना विचारून सांगते.

तेव्हा विचारते. पण पत्रातून नाही. येत्या रविवारी सकाळच्या यस्टीनं भंडाऱ्याला येते, तिथून पूल ओलांडून कारध्याला. धानाची रोवणी ऐन भरात आहे, तरी तुमचे दीर म्हणाले जा. सोबत यायलाही निघाले होते, मीच नको म्हटलं. तुमचा राग माझ्यावर आहे, तो मी एकटीनंच ऐकायचा आहे. अकरा वर्षांचं जेवढं साठलं असेल तेवढं बोला. मधे तोंड उघडणार नाही. बोलून झाल्यावर जेवू घाला किंवा नका घालू, संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी तिथंच असेन.

कापडाचा एक तुकडा आणि दाभण सोबत आणते आहे. काठाची दुमड माझी अजून जरा वाकडी जाते. ती एकदा समोर बसून दाखवा.

रविवारी नक्की येणारी,
तुमची लहानी
सुलोचना